ठकूबाईचा शेवगा

गिरणेकाठच्या वाघळखेड्यात अचलनाथ महाराजांचा मुक्काम होता, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. महाराज जितके दयाळू तितकेच तापट. भक्तांना त्यांचा रागही प्रसादासारखा वाटे.

गावच्या दौलतराव देशमुखांची सून मथुरा सात महिन्यांची गरोदर होती. चेहरा पांढराफटक, चार पायऱ्या चढली की धाप लागे. शेळ्या राखणारी ठकूबाई महाराजांची भक्त. तिनं आपल्या दारच्या शेवग्याचा पाला लोखंडी कढईत परतला, वर लिंबू पिळलं आणि बाजरीच्या भाकरीबरोबर मथुरेला नेऊन दिला. "महाराजांनी सांगितलंय, रोज खा बाई. अंगात रक्त भरतं."

दौलतरावांनी ते पाहिलं. "देशमुखांच्या सुनेला शेळीचा चारा?" ते हसले आणि गडी पाठवून त्यांनी ठकूचा शेवगा तोडायला लावला. शहरातून बदाम आणले, केशर आणलं. तरी पंधरवड्यात मथुरा चक्कर येऊन कोसळली. वैद्यबुवांनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या. "रक्तच नाही हो अंगात! औषध देतो, पण अशा अंगानं बाळंतपण निभणं कठीण."

दौलतराव अनवाणी मठात धावले.

"आता आलास?" महाराज कडाडले. "ठकूच्या हाती निरोप धाडला होता ना! बदाम आणलेस ना? खाल्ले कोणी?"

"घरात... सगळ्यांनीच."

"आणि सून कधी जेवते?"

"सगळ्यांचं झाल्यावर, महाराज."

"मग तिच्या वाट्याला काय उरतं रे? केशराचं कौतुक करता आणि दारचा पाला तोडता! काय करावं या माणसांचं, देवा! आजपासून ती पहिली जेवेल. ऊठ!"

रागारागातच महाराज ठकूच्या दारी गेले. वाळलेल्या खुंटावर त्यांनी हात ठेवला, आणि काय सांगावं! बघता बघता कोंब फुटले, कोंबांच्या फांद्या झाल्या, भर वैशाखात शेवगा हिरवागार डोलू लागला!

पुढं दीड महिना वैद्यबुवांचं औषध आणि ठकूची भाजी, दोन्ही चाललं. मथुरेच्या चेहऱ्यावर लाली आली. दिवस भरले, मुलगी झाली, मायलेकी सुखरूप.

दौलतराव महाराजांच्या पाया पडायला आले. महाराजांनी पाय आखडून घेतले. "माझ्या पाया कसला पडतोस? ठकू तिकडे उभी आहे."

सगळ्या गावासमोर देशमुखांनी ठकूबाईपुढं डोकं टेकवलं. ती संकोचून मागं सरली. "उठा मालक. गावात अजून चार पोरी अशाच पांढऱ्या पडल्यात. त्यांच्या दारात फांद्या लावायच्यात, माझ्या एकटीनं होत नाही."

दौलतरावांनी कुदळ खांद्यावर घेतली. त्या दुपारी ते गावभर फिरले आणि दारोदारी खड्डे खणायला वाकले. "खोल खण!" मागून महाराज ओरडत होते. "एवढंही नीट येत नाही का रे तुला?"