चुंदी चिचुंद्रीची जुनी सायकल

कर्र!

चुंदीने पायडल मारलं आणि कर्र वाजलं.
एवढासा आवाज. पण चुंदी दचकली.
चुंदी म्हणजे चिचुंद्री. इवलीशी. लांब नाकाची. भिंतीच्या कडेकडेने चालणारी.
तिने पुन्हा पायडल मारलं.
कर्र... कट्ट!
चेन तुटली. चेन लोंबली. सायकल थांबली.
आणि सायकल तर आत्ताच घेतली होती!

नवी नव्हे हं. जुनीच. पण डोंगर चढणारी. जाड जाड चाकांची.
नवी घ्यायची तर पोतंभर शेंगदाणे लागतात. चुंदीकडे होते वाटीभर. थंडीत खायला ठेवलेले. ते सगळे दिले.

का बरं दिले?
टेकडीवर आहे बोरीचं झाड. बोरं पिकली की सगळे सायकलीने जातात. चुंदी जाते चालत. ती पोचते तेव्हा खाली काय उरतं? नुसत्या आठळ्या.
गेल्या वर्षी आठळ्या. त्याच्या आधीच्या वर्षी पण आठळ्या.
आणि आज बोरं झाडायचा दिवस. आजच चेन तुटली.

चुंदी निघाली. सायकल ढकलत. खुळुक खुळुक, खुळुक खुळुक. कडेकडेने.

दुकानात आली. दुकान सरड्याचं. सायकल इथूनच घेतलेली. सगळे त्याला शेठ म्हणतात.
"सरडेशेठ, ओ सरडेशेठ!"
शेठ हिरवा होता. पिवळा झाला.
"काय गं?"
"चेन तुटली. दुसरी द्या."
"सायकलीची पूजा कोणी केली?"
"मी केली."
"कुंकू कोणी लावलं?"
"मी लावलं. तुम्हीच म्हणालात, आधी पूजा, मग चक्कर. तुम्हीच म्हणालात, चेनला पण लाव. भरपूर लाव!"
"मग झालं तर! पूजा झाली, सायकल तुझी झाली. तुझी सायकल, तुझी चेन. तूच तोडलीस."
"मी नाही तोडली! ती आधीच खराब होती."
"असं? खेकडेमिस्त्री सांगू दे तसं. मग देईन नवी चेन."
शेठ तपकिरी झाला. फांदीवर फांदी होऊन बसला. दिसेचना!

चुंदी निघाली. खुळुक खुळुक, खुळुक खुळुक. ओढ्यावर आली.
"खेकडेमिस्त्री, ओ खेकडेमिस्त्री!"
"कोण? चिचुंद्री? शी! लांबूनच बोल."
मिस्त्रीने नांगीने नाक दाबलं. चुंदी लांब उभी राहिली. लांबून म्हणाली,

"शेठ चेन देईना,
माझी सायकल चालेना.
मिस्त्री, तुम्ही चेन बघा ना!"

"मी नाही बघत. चेनवर नुसतं कुंकूच कुंकू! खालचं काय दिसणार? तेलाने पुसावं लागेल. जा, बैलाच्या घाण्यावरून तेल आण. मग बघू."

चुंदी निघाली. खुळुक खुळुक, खुळुक खुळुक. घाण्यावर आली.
"बैलकाका, ओ बैलकाका!"
"हम्मा! कोण? चिचुंद्री? शी! लांबूनच बोल."
चुंदी दचकली. चुंदी लांब उभी राहिली. लांबून म्हणाली,

"मिस्त्री चेन बघेना,
शेठ चेन देईना,
माझी सायकल चालेना.
काका, तुम्ही घाणा फिरवा ना!"

"मी नाही फिरवत. माझी झापडं फाटली. डोळ्यांवर झापडं नसली की मला भोवळ येते. गोल गोल तू फिरून बघ, म्हणजे कळेल! जा, सुगरणीकडून झापडं विणून आण."

चुंदी निघाली. खुळुक खुळुक, खुळुक खुळुक. बाभळीखाली आली. वर सुगरण पक्ष्याचं घरटं. हलतंय झुल झुल.
"सुगरणताई, ओ सुगरणताई!"
"कोण? चिचुंद्री? शी! लांबूनच बोल."
"मी खाली. तुम्ही वर. लांबच आहे की!"
"अजून लांब."
चुंदी अजून लांब उभी राहिली. लांबून म्हणाली,

"काका घाणा फिरवेना,
मिस्त्री चेन बघेना,
शेठ चेन देईना,
माझी सायकल चालेना.
ताई, तुम्ही झापडं विणा ना!"

"मी नाही विणत. हे बघ गवत. सगळं वाळकं. वाकवलं की कट्ट! जा, ओली पाती आण. मऊ मऊ."

चुंदी निघाली. खुळुक खुळुक, खुळुक खुळुक. माळावर आली.
"गवतदादा, ओ गवतदादा!"
"कोण? चिचुंद्री? शी! लांबूनच बोल."
चुंदी लांब उभी राहिली. लांबून म्हणाली,

"ताई झापडं विणेना,
काका घाणा फिरवेना,
मिस्त्री चेन बघेना,
शेठ चेन देईना,
माझी सायकल चालेना.
दादा, तुम्ही ओली पाती द्या ना!"

"मी नाही देत. आहेत कुठे ओली पाती? घसा कोरडा पडलाय माझा. जा, झऱ्याला सांग. वाहा म्हणावं."

चुंदी दमली होती. नाकाला धूळ लागली होती. बस गं जरा, असं कोणी म्हणालं नाही.
चुंदी निघाली. खुळुक... खुळुक... खुळुक... खुळुक... झऱ्यावर आली.
"झरेआजोबा, ओ झरेआजोबा!"
"बुडबुड! कोण? चिचुंद्री? शी! लांबूनच बोल."
चुंदी लांब उभी राहिली. लांबून म्हणाली,

"दादा पाती देईना,
ताई झापडं विणेना,
काका घाणा फिरवेना,
मिस्त्री चेन बघेना,
शेठ चेन देईना,
माझी सायकल चालेना.
आजोबा, तुम्ही वाहा ना!"

"कसा वाहू? माझ्या तोंडावर दगड बसलाय. मी नाही वाहत. जा, दगडाला सांग. हल म्हणावं."

दगड तिथेच होता. मोठा. गप्प.
"दगडोबा, ओ दगडोबा!"
दगड बोलला नाही.
चुंदी आपली आपणच लांब उभी राहिली. लांबून म्हणाली,

"आजोबा वाहेना,
दादा पाती देईना,
ताई झापडं विणेना,
काका घाणा फिरवेना,
मिस्त्री चेन बघेना,
शेठ चेन देईना,
माझी सायकल चालेना.
दगडोबा, तुम्ही हला ना!"

दगड हलला नाही. दगड हो म्हणाला नाही.
पण दगड नाही पण म्हणाला नाही.
दगड शी म्हणाला नाही. लांबून बोल, असंही म्हणाला नाही.
चुंदी जवळ गेली. अगदी जवळ.
नाक खुपसलं दगडाखाली. माती उकरली.
खुरुर खुरुर. खुरुर खुरुर.
नाक दुखलं. डोळ्यांत माती गेली.
खुरुर खुरुर. खुरुर खुरुर.
दगड डगमग... डगमग... गडगड गडगड धप्प!

चुंदी दचकली. टुणकन मागे उडाली.
दगड हलला, झरा वाहिला. खळखळ खळखळ!
झरा वाहिला, गवत भिजलं. गवताने ओली पाती दिली.
पाती मिळाली, सुगरणीने झापडं विणली. सुळुक सुळुक!
झापडं मिळाली, बैलाने घाणा फिरवला. करकर करकर!
घाणा फिरला, तेल गळलं. टिप् टिप् टिप्.
कोणी म्हणालं नाही, चुंदे, दगड तू हलवलास!
चुंदी पण थांबली नाही. तेल घेऊन ओढ्यावर आली.

"मिस्त्री, हे तेल. आता बघा."
"लांबून..."
"लांबून तेल कसं देऊ?"
मिस्त्रीने तेल घेतलं. चेनवर तेल ओतलं. कुंकू पुसलं. पुसलं आणि पुसलं. खाली काय?
गंज! खडबडीत. काळा-तांबडा. कुंकवाखाली लपलेला.
"अरे वा रे शेठ!" मिस्त्री म्हणाला. "हा गंज जुना. चार पावसाळ्यांचा. पोरीने नाही तोडली चेन."
"मला नका सांगू. शेठला सांगा. चला."

मिस्त्री निघाला, तिरका तिरका. चुंदी निघाली, खुळुक खुळुक.
दुकानात आले. दुकानात कोणी नाही. नुसती फांदी.
टेकडीवरून आवाज आला. टप टप. टप टप. सगळे बोरं झाडायला लागले होते!
"सरडेशेठ, ओ सरडेशेठ!"
कोणी बोललं नाही.
"सरडेशेठ, ओ सरडेशेठ!"
कोणी बोललं नाही.
"नसेल दुकानात," मिस्त्री म्हणाला. "उद्या ये."
"उद्या आठळ्या," चुंदी म्हणाली.

तिने फांदीकडे बघितलं. फांदीवर अजून एक फांदी होती. त्या फांदीला डोळे होते. डोळे फिरत होते, गरगर गरगर.
चुंदी दचकली नाही. फांदीखाली गेली. अगदी खाली. नाक वर केलं. आणि एवढ्या मोठ्याने ओरडली, की मिस्त्रीच दचकला.
"सरडेशेठ! ओ सरडेशेठ! मिस्त्री आलेत! गंज जुना आहे! माझी चेन द्या!"

फांदी हलली. फांदी पिवळी झाली.
"ओ, ओ, ओ!" शेठ म्हणाला. "ओरडतेस कशाला? ही घे तुझी नवी चेन."

मिस्त्रीने चेन बसवली, आणि टप टप चालू होतं तोवरच चुंदी सायकलवर बसून टेकडीकडे निघाली.