टप, टप! माझा दाणा दे

एक होती उंदरी. इटुकली तिचं नाव. राहायची नबीचाचांच्या गॅरेजात. तिथं होती एक लाल गाडी, चाचांहूनही म्हातारी! चाचा तिला पुन्हा नवी करत होते. गाडीला होता टप. टप म्हणजे छप्पर. पण हा टप चादरीसारखी घडी होऊन मागं बसायचा, बरं का!

इटुकली चालली गाडीवरून. टुणुक टुणुक. तोंडात शेंगदाणा. अख्ख्या दिवसात मिळालेला एकुलता एक! तेवढ्यात आली शिंक. आक्... छी! दाणा उडाला नि गेला टपाच्या घडीत. बाई गं! इटुकलीच्या पोटात तर कावळे कोकलत होते.

"टपदादा, टपदादा, घडी उघड. माझा दाणा मिळेना!"

"मी नाही उघडत, जा! दांडा ढकलेल, तर उघडीन."

इटुकली निघाली टपाखालच्या पोकळ दांड्याकडं. टुणुक टुणुक.

"दांडेदादा, दांडेदादा, टप ढकल. टप घडी उघडेना, माझा दाणा मिळेना!"

"मी नाही ढकलत, जा! तेल पोटात शिरेल, तर ढकलीन."

टुणुक टुणुक.

"तेलताई, तेलताई, दांड्यात शिर. दांडा टप ढकलेना, टप घडी उघडेना, माझा दाणा मिळेना!"

"मी नाही शिरत, जा! पंप रेटेल, तर शिरीन."

टुणुक... टुणुक. दाणा राहिला तिकडं, आणि आपण चाललो कुणीकडं? इटुकलीला काही कळेना.

"पंपकाका, पंपकाका, तेल रेट. तेल दांड्यात शिरेना, दांडा टप ढकलेना, टप घडी उघडेना, माझा दाणा मिळेना!"

"मी नाही रेटत, जा! चाचा नळ्या जोडतील, तर रेटीन."

चाचा बसले होते डोकं खाजवत. हातात दोन नळ्या. एक टप वर नेणारी, एक टप खाली आणणारी. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या! "ही वरची? का ती वरची?" आता आली का पंचाईत!

"चाचा, चाचा, नळ्या जोडा. पंप तेल रेटेना, तेल दांड्यात शिरेना, दांडा टप ढकलेना, टप घडी उघडेना, माझा दाणा मिळेना!"

चाचांना जरा कमीच ऐकू यायचं. त्यांना ऐकू आलं नुसतं "टप... टप..."

"टप टप? अगागागा! तेल गळायला लागलं की!"

मग कसली वरची आणि कसली खालची! हाताला येईल ती नळी, दिसेल त्या भोकात. खटाक! खटाक!

"बघू तरी, गळतंय का." टप होता खालीच. म्हणून चाचांनी दाबलं टप खाली आणायचं बटण, म्हणजे टप हलायचा नाही.

पंप लागला तेल रेटायला. घुर्र घुर्र!
तेल लागलं दांड्यात शिरायला. बुडुक बुडुक!
दांडा लागला टप ढकलायला. सर्रर्र!
टप लागला घडी उघडायला. फडाक!

आणि दाणा पडला सीटवर. टुण्ण!

चाचा आ वासून बघतच राहिले. दाबलं खालचं, आणि टप गेला वर?

"अरे, वर गेला का खाली? खाली गेला का वर?"

इटुकली बसली सीटवर. कुडुम कुडुम, कुडुम कुडुम. मिशा पुसल्या नि म्हणाली,

"वर नाही, खाली नाही. पोटात गेला, चाचा!"