निमखेडची बयाक्का आणि खालचा फुटवा

फार वर्षांपूर्वीची, निमखेडच्या माळावर आंबट गावठी बोरींशिवाय काही उगवत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. गावात बयाक्का माळीण राहायची. साऱ्या गावात तिच्या दारातली बोर तेवढी गोड. तिच्या फांदीवरचा डोळा सालीसकट काढून ती लोकांच्या गावठी खुंटांवर बसवायची, कलम बांधायची आणि दर घरी एकच बजावायची, "डोळ्याच्या खाली फुटवा आला की खुडायचा."

लोक माना डोलवायचे. खुडत मात्र कुणी नव्हतं! खालचा फुटवा खुंटाचा, म्हणजे आंबटच; पण दिसायला जोमदार, म्हणून लोकांना त्याचीच माया. तो गोड फांदीला उपाशी मारायचा, आणि मग आंबट बोरं थुंकत हेच लोक म्हणायचे, बयाक्काच्या हाताला गुण नाही. पालथ्या घड्यावर पाणी! बयाक्का कपाळावर हात मारून पुन्हा नवा डोळा भरायला बसायची.

असं म्हणतात, की एका वळवाच्या पावसात तिच्या दारातल्या बोरीवर वीज पडली. झाड उभं जळालं. आता गोड बोर गावात एकाच घरी उरली होती, भिवाजी तेल्याच्या परड्यात. बयाक्का धावत गेली. बघते तर खालचा फुटवा छपराला टेकलेला आणि वरची गोड काडी वाळत चाललेली.

"अक्का, लई जोमात हाय बगा. तोडाया जीव हुईना," भिवाजी म्हणाला.

"जोमाला काय चाटायचंय, मुडद्या? गावाची गोड बोर बुडवलीस की रं!"

बयाक्का रडली. रडता रडताच तिने काडीवरचा एकुलता एक जिता डोळा काढला, फुटवा छाटला, डोळा खुंटावर बसवून पदराच्या चिंधीने बांधला आणि तिथेच फतकल मारली. असं म्हणतात, एकवीस दिवस ती जागची हलली नाही. फुटवा डोकावला की खुडायची, आणि खुंटाचा, भिवाजीचा, साऱ्या गावाचा उद्धार करायची. तिच्या तोंडाचा पट्टा असा चालला, की शेवटी फुटवे तिचा आवाज ऐकूनच सालीत परत शिरू लागले. बाविसाव्या दिवशी डोळा फुटला. निमखेडची प्रत्येक गोड बोर त्या डोळ्याची, असं म्हणतात.

अजूनही श्रावणात एक दिवस सारं गाव दारोदार फिरतं, बोरीखालचे फुटवे खुडतं आणि घरधन्याला बयाक्काच्या नावाने चार शिव्या हासडतं. ज्याच्या बोरीखाली फुटवा नाही, त्याला कुणी बोलत नाही. पण बयाक्काच्या शिव्या म्हणजे गावाला प्रसादच; तेव्हा आपल्या वाट्याची बोलणी चुकू नयेत म्हणून निमखेडात जो तो एक फुटवा मुद्दाम राखून ठेवतो. आता काय म्हणावं या लोकांना!