ठकुबाईच्या शिश्या

आमच्या घरामागे खडकाळ माळ आहे ना, तो शिशीमाळ. तिथे जुन्या काचेच्या शिश्या निघतात, म्हणून थंडीत शहरातली हौशी मंडळी खुरपी, ब्रश घेऊन येतात. काचेतला बुडबुडा, गळ्याचा जोड, तळाची खूण बघून शिशीचं वय सांगतात. कोण आलं, कुठून आलं, हे मी विचारतेच. पाणी द्यायला गेलं की आपोआप कळतं. मागे एक प्रभुणे आले होते. म्हणाले, "काकू, टाकलेल्या शिश्या आडव्यातिडव्या सापडतात. इथल्या सगळ्या तोंड वर करून उभ्या. असं कसं?"

म्हटलं, बसा. माझ्या सासूबाई सांगायच्या तसं सांगते.

फार पूर्वी प्लेगाची साथ आली, तेव्हा गाव सोडून लोक या माळावर झोपड्या बांधून राहिले, असं सांगतात. आजाऱ्याला औषधाची शिशी मिळे. त्याने औषध गिळायचं थांबवलं, की ती शिशी माळाच्या टोकाला उलटी पुरत. आजार तिच्या तोंडातून बाहेर पडू नये म्हणून. शिशी पुरली की माणूस गेल्यात जमा. मग त्याच्या दाराशी कुणी पाणीसुद्धा ठेवत नसे.

ठकुबाई कासारीण गावात बांगड्या भरायची. तिची सून भागी तापाने पडली. ठकुबाई ओढ्यावर गेली असताना भागीच्या ओठांतून औषध ओघळलेलं शेजाऱ्यांनी पाहिलं आणि शिशी नेऊन पुरली. ठकुबाई परतली, तर भागीचा श्वास चालू आणि उशाची शिशी गायब.

ती तडक माळाच्या टोकाला गेली आणि हातांनीच उकरू लागली. तिच्या शिशीच्या खांद्यावर एक बुडबुडा होता. औषध ओतताना तो अंगठ्याला लागायचा. प्रत्येक शिशी ती चाचपून बघे. आपली नसली तरी पुन्हा उलटी ठेवायला तिचा हात धजेना. खड्ड्यात ती सरळ उभी करी आणि पुढची उकरी.

सखाराम म्हणून एक जण लांबूनच ओरडला, "ठकुबाई, ती कुणाची काढलीस?"

"आपलीच."

"आणि ही?"

"ही पण आपलीच."

"जन्मभर सुनेच्या नावानं खडे फोडलेस, आता माया कुठून फुटली गं?"

"घरात भांडायला कुणी नको का, मेल्या!"

उन्हं कलली तेव्हा बुडबुडा तिच्या अंगठ्याला लागला. बोटं काचेने फाटली होती म्हणे. बूच घट्ट बसलेलं होतं, म्हणून तळाशी थोडं औषध शिल्लक होतं. भागीचं डोकं मांडीवर घेऊन तिने ते थेंबाथेंबाने पाजलं. औषधाने की कशाने, देव जाणे, पण पहाटे भागीने पाणी मागितलं.

ते कळलं तशा बायका आपापल्या माणसांकडे पाणी घेऊन धावल्या. काही वाचली. काहींना उशीर झाला होता. उरलेल्या शिश्याही मग लोकांनी उकरून सरळ केल्या, आणि त्यानंतर उलटी शिशी कुणी पुरली नाही.

आजही या माळावर शिशी लागली, की खणणारा हात थांबवून हाक देतो, "कुणाची?" आसपास जो असेल, ओळखीचा असो वा नसो, त्याने "आपलीच" म्हणायचं. त्याशिवाय शिशी हलवत नाहीत. परवा भर दुपारी प्रभुणे एकटेच आले होते. त्यांची हाक आली तेव्हा माळावर चिटपाखरू नव्हतं. मी भाकरी थापत होते. तशीच पिठाच्या हातांनी मागच्या दारात गेले आणि जोरात ओरडले, "आपलीच हो!"