टॉकीजचा टांगा

आमच्या गावात तेव्हा एकच टॉकीज होतं, आणि मालक दाजीसाहेबांचा तोरा काय विचारता! सिनेमाआधी पडद्यावर दुकानांच्या जाहिराती लागत. ‘इंदूताईंचं लोणचं’ झळकलं की पुढच्या बाकांवरून शिट्ट्या पडत.

एका वर्षी इंदूताईंनी पिठाच्या गिरणीत चवीला बरणी ठेवली. दळण होईपर्यंत बायका फोडी चाखत बसायच्या. एसटी स्टँडवरच्या खानावळीतही ताटात त्यांचंच लोणचं दिसू लागलं. दाजीसाहेबांना ते झोंबलं. तिकीट खिडकीपाशी भर गर्दीत त्यांनी इंदूताईंना गाठलं.

“माझ्या पडद्यावर नाव असताना दारोदार कशाला फिरता? सगळं गाव इथंच येतं. आजपासून एक तर ती गिरणी, नाही तर माझा पडदा!”

पडद्यावरून नाव उतरलं तर धंद्याला फटका बसणार, हे इंदूताईंना कळत होतं. तेवढ्यात फाटकातून टॉकीजचा टांगा निघाला. दोन्ही बाजूंना पोस्टर, आत ओरडणारा भोंगा, मागे उडणारी गुलाबी हँडबिलं.

इंदूताईंनी पदर खोचला. “दाजीसाहेब, सगळं गाव इथंच येतं, तर हा टांगा कुणाला बोलवायला निघालाय?”

रांगेत हशा पिकला. दाजीसाहेब टांग्याकडे वळले. मग टांगेवाल्याला म्हणाले, “थांब रे, ताईंना गिरणीपाशी सोड.”

आता ते टॉकीजही नाही. माझी भाची साबण विकते, फोनवरच्या एकाच ॲपवर. “मामा, सगळं जग इथंच आहे,” म्हणते.

मी विचारतो, “आणि तुझा टांगा कुठाय?”