तिसऱ्या वर्षाची फी

फार पूर्वी, घंटेच्या टोल्यावर गावं उठायची आणि निजायची तेव्हा, नदीकाठच्या एका गावात एक ओतारी राहत होता. ओतारी म्हणजे तांबं आणि कथील वितळवून साच्यात ओतणारा, घंटा घडवणारा. माणूस भलताच अबोल. दिवसभरात दहा शब्दांवर अकरावा बोलला, तर बायको कपाळाला हात लावून ताप बघायची.

पण त्याच्या घरात एक रीत होती. नवी घंटा साच्यातून निघाली की तिच्या आत टोला देणारा लोळा टांगायच्या आधी तो तिच्या पोटात तोंड घालून आपल्या मुलीला हाक मारायचा. "सगुणे." घंटा ते नाव गुणगुणत परत द्यायची. नाव अखंड परत आलं तर घंटा चांगली. मध्येच चिरकलं तर आत कुठेतरी तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. अशी घंटा तो लगेच फोडायचा आणि पुन्हा भट्टीत टाकायचा. मुलगी व्हायच्या आधी तो बायकोचं नाव घेत असे. ते मागे पडलं, हे ती त्याला अधूनमधून ऐकवायची.

सगुणा मोठी झाली तोवर राज्यात नवा हुकूम निघाला. देवळावर, चावडीवर, राजवाड्यावर घंटा टांगायची तर तिच्यावर पदवीची मोहोर उमटलेली हवी. ही मोहोर डोंगरावरच्या विद्यालयात मिळायची, तीन वर्षं शिकल्यावर. ओताऱ्याकडे मोहोर नव्हती. त्याच्याकडे आता फक्त बैलांच्या गळ्यातल्या घंटांचं काम येऊ लागलं. गावातले लोक येता-जाता म्हणत, "पोरगी हुशार आहे. तिला पदवी घेऊ दे, म्हणजे तुझं नशीब उघडेल."

सगुणालाही जायचं होतं. घंटा तडकली आहे की नाही, हे आबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, हाक मारून कळायचं. पण ती तडकूच नये म्हणून काय करावं, हे त्यांना सांगता येत नसे. ते तिला शिकायचं होतं.

विद्यालयाचा कारकून एके सकाळी घरी आला. स्वच्छ कपडे, मऊ बोलणं, हातात एक रिकामं मडकं.

"फी किती?" आईने विचारलं.

"पैसे नकोत," तो म्हणाला. "दरवर्षी घरातला एक आवाज. कोणता द्यायचा ते तुम्ही ठरवा."

आई हसली. आवाजाचं काय, घरात ढिगाने पडलेत. आबांनी थोडा विचार केला आणि भट्टीच्या भात्याकडे बोट दाखवलं. कारकुनाने मडकं भात्याच्या तोंडाशी धरलं, भाता दोनदा दाबायला लावला आणि मडक्याच्या तोंडावर फडकं बांधलं. एवढंच. तो गेल्यावर आबांनी पुन्हा भाता दाबला. कातडं फुगलं, वारा सुटला, निखारे लाल झाले. आवाज मात्र नव्हता. मग आई म्हणाली, "बरंच झालं, डोकं उठायचं त्याने." आणि ती भाकऱ्या करायला आत गेली.

विद्यालय पांढरंशुभ्र होतं आणि फार शांत. शेजारच्या गावच्या ओताऱ्याचा मुलगा, भिवा, तिच्याच वर्गात होता. त्याच्याही घरून फी गेली होती. शिकवणारे गुरुजी मोठे रुबाबदार. पण सगुणाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट खटकली. पहिले गुरुजी धिप्पाड होते आणि त्यांचा आवाज एखाद्या म्हाताऱ्या बाईचा होता. दुसरे बोलायचे तेव्हा ओठ आधी हलायचे आणि शब्द किंचित मागाहून यायचे. तिसरे गुरुजी एकदा हसले, आणि ते हसू पाच वर्षांच्या मुलाचं होतं. सगळे खाली मान घालून लिहून घेत होते, म्हणून तीही लिहू लागली.

आणि ती खरोखर शिकली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तांबं किती, कथील किती, हे ती तोलून काढायला शिकली. घंटा घाईने थंड केली की आतून ताणली जाते, हे तिला कळलं. आबा अंदाजाने जे करत त्याला मापं असतात, हे समजलं तेव्हा ती आनंदाने रात्रभर झोपली नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ती घरी गेली. दुपारी चुलीपाशी बसली असताना तिच्या खांद्यावर हात पडला आणि ती दचकून ओरडली. मागे आई उभी होती. हातात नेहमीच्या काचेच्या बांगड्या होत्या. आईने हात हलवला, बांगड्या एकमेकींवर आपटल्या आणि काहीच वाजलं नाही.

"यंदाची फी," आई म्हणाली. "त्याचं काय एवढं?"

लहानपणापासून आई घरात कुठे आहे हे सगुणाला त्या आवाजावरून कळायचं. त्या सुट्टीत आई सारखी कुठून तरी अचानक समोर येत राहिली. सगुणाला आपल्याच आईची भीती वाटली आणि त्याची तिला लाज वाटली. तिने ते कोणाला सांगितलं नाही.

तिसरं वर्ष सरत आलं. मोहोर मिळायला तीन आठवडे उरले होते. एका सकाळी वर्गात नवे गुरुजी आले. तरुण, गोरेपान, बोटांत अंगठ्या. भट्टी त्यांनी कधी पाहिली असेल असं वाटत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं.

"साचा ओला असताना धातू ओतू नये," ते म्हणाले. मग एक बारीक खोकला. "ओला साचा रुसलेला असतो. त्याला आधी ऊब द्यावी, मग जवळ जावं."

सगुणाची लेखणी थांबली. तो आवाज आबांचा होता. तो खोकलाही आबांचाच होता, महत्त्वाचं बोलायच्या आधी येणारा. आणि हे वाक्य ती सहा वर्षांची असताना आबांनी तिला भट्टीशेजारी बसवून सांगितलं होतं. वर्गातली चाळीस मुलं ते नवं म्हणून लिहून घेत होती.

ती उभी राहिली. "गुरुजी, हा आवाज कोणाचा आहे?"

गुरुजी गोंधळले. "विद्यालयाचा," आबांच्या आवाजात ते म्हणाले.

ती तडक कारकुनाकडे गेली. त्याच्या खोलीमागे लांबच लांब कोठी होती. तिच्यात छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर तोंडं बांधलेली मडकी. ती दारात उभी राहिली तेव्हा सगळी मडकी अगदी हळू गुणगुणत होती. कुठे पाळणा, कुठे हातमाग, कुठे कोणाचं तरी नाव पुन्हा पुन्हा.

"माझ्या वडिलांचा आवाज तुम्ही का घेतलात?"

"घेतला नाही, त्यांनी दिला," कारकून नेहमीसारखाच मऊ बोलला. "मी तसाही कमी बोलतो, असं म्हणाले. शेवटचेच शब्द ते. बघ, अंगठा आहे."

"तो परत द्या."

"पहिल्या दोन वर्षांचं शिकून झालंय, ती फी परत नाही. तिसऱ्या वर्षाची मिळते, पण मग मोहोर मिळत नाही. नीट विचार कर, बाळ. मोहोर असली तर तुझी घंटा राजवाड्यावर लागेल. नसली तर बैलाच्या गळ्यात."

ती बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली. भिवा तिच्या मागोमाग आला.

"माझ्याही बाबांनी आवाजच दिलाय," तो म्हणाला. "दुसऱ्या वर्गाला शिकवतो तो. तीन आठवडे राहिलेत, सगुणा. आता सोडलंस तर भाता गेला तो गेला, बांगड्या गेल्या त्या गेल्या, आणि हातात काय? मोहोर घे. मोठी झालीस की आवाजाचं काहीतरी बघता येईल."

त्याचं बोलणं तिला पटत होतं, हीच पंचाईत होती. आबांनी आवाज दिला तो तिने मोहोर घ्यावी म्हणून. रिकाम्या हाताने परत गेली तर त्यांच्या देण्याचा अपमान. मोहोर घेऊन गेली तर ते दारात उभे राहतील, हसतील, आणि तिला हाक मारणार नाहीत. कधीच नाहीत. ऊन पायऱ्यांवरून उतरून अंगणात गेलं तरी ती तिथेच होती. शेवटी तिने मनाशी एकच गोष्ट कल्पून पाहिली: राजवाड्यासाठी मोठी घंटा ओतली आहे, साचा फुटला आहे, घंटा समोर आहे. आता तिच्यात तोंड घालून कोण बोलणार?

ती उठली आणि कारकुनाकडून मडकं मागून घेतलं.

ते मडकं तिने दोन्ही हातांत धरून दीड दिवस वाट तुडवली. मडकं कोमट होतं. ती वाटेत कोणाशी बोलली की आतून बारीक खोकला ऐकू यायचा, आणि बरोबरचे वाटसरू हळूहळू मागे राहायचे.

घरी आबा अंगणात होते. त्यांच्यासमोर माणसाच्या छातीएवढी नवी घंटा उभी होती. पदवीधर मुलीच्या मोहोरेसाठी त्यांनी ती ओतली होती आणि खालच्या कडेला मोहोरेची जागा मोकळी ठेवली होती. सगुणाला आणि तिच्या हातातल्या मडक्याला पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मान हलवली, डोंगराकडे बोट दाखवलं आणि ते दोन्ही हातांनी तिला मागे लोटायला लागले. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आई पदर तोंडाला लावून दारात उभी होती.

सगुणाने मडकं त्यांच्या ओठांशी धरलं आणि फडकं सोडलं.

"मूर्ख पोरी," आबा म्हणाले, "तीनच आठवडे राहिले होते."

इतकी गोड शिवी तिने कधी खाल्ली नव्हती. ती हसायला लागली आणि हसता हसता रडली.

मग आबा नव्या घंटेकडे वळले. खाली वाकून त्यांनी तिच्या पोटात हाक मारली. "सगुणे." नाव परत आलं ते मध्येच फाटून, जणू आत दोन माणसं अर्धं अर्धं बोलत होती. आबा पांढरे पडले. आवाज नव्हता त्या दिवसांत ओतलेल्या या घंटेला कोणी हाक मारलीच नव्हती. मोहोर उमटली असती तर ती तशीच राजवाड्यावर चढली असती.

त्यांनी घंटा फोडली. सगुणाने या खेपेला तांबं आणि कथील तोलून घेतलं, आबांनी साच्याला ऊब दिली, मुका भाता आईने दाबला. तिने घंटा चार दिवस राखेत थंड होऊ दिली. आबांनी हाक मारली आणि नाव पुरतं परत आलं, आणि बराच वेळ अंगणात फिरत राहिलं.

मोहोर नव्हती म्हणून ती देवळावर लागली नाही, राजवाड्यावर तर नाहीच. ती नदीच्या उतारावर, होड्या काठाला लागतात तिथे टांगली. धुक्यात होडी चालवणाऱ्यांना शिक्क्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांना फक्त काठ कुठे आहे ते कळायला हवं होतं. पुढे दूरदूरच्या उतारांवरून सगुणाकडे घंटांची मागणी येऊ लागली. घर चाललं. फार मोठं झालं नाही, पण चाललं.

भिवाने मोहोर घेतली. त्याची घंटा थाटामाटात राजवाड्यावर चढली. सणाच्या दिवशी हजारो लोकांसमोर लोळा तिच्यावर आदळला आणि फुटक्या मडक्यासारखा ठप्प असा आवाज आला. काय चुकलं ते विचारायला तो धावत घरी गेला. वडिलांना ते माहीत होतं. त्यांनी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

त्यानंतर भिवा पुन्हा डोंगरावर गेला. म्हणतात की तो अजून तिथेच आहे. गळ्यात मोहोर अडकवून रोज मागच्या बाकावर बसतो आणि कोणीतरी अनोळखी गुरुजी त्याच्या वडिलांच्या आवाजात जे शिकवतात, ते मान खाली घालून लिहून घेतो. त्या बाकावर बसायचीही फी असते. त्याच्या घरात आता पाऊलसुद्धा वाजत नाही.

तात्पर्य: पदवी घ्यावी की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण तिची फी घरातून काय उचलून नेते आहे, ते आधी घरी जाऊन कान देऊन ऐकावं.