ससिणीची बाग

फार पूर्वी, प्राण्यांनाही बागांची हौस होती तेव्हा, एका तरण्या ससिणीने माळावर बाग करायला घेतली.

"गुलाबच लाव. आमच्या पिढ्यांनी तेच लावले," शेजारचे साळिंदर, साळूकाका, म्हणाले.

"आणि पिढ्यान् पिढ्या ओढ्यावरून कळशीने पाणीच वाहिलं! मला बागेत बसायचंय, काका." तिने माळावरचंच पवन्या गवत लावलं.

"बाग केलीस की जेवण?" काका खो-खो हसले.

माघात ओढा आटला. गुलाब सुकले. गवत मात्र सोनेरी झालं. प्रत्येक झुळुकीसरशी सगळी बाग लाटेसारखी लवे आणि पुन्हा उभी राही. रिकामी कळशी घेऊन परतणारे काका कुंपणाशी थबकले. बघतच राहिले.

"या, टेका," ससीण म्हणाली. "माझ्या बागेत एवढंच काम असतं."